गरजेपुरती शुद्धता : पेशी वेगळ्या करण्याचे स्वस्त शास्त्र आणि आपले कारागीर

पांढरकवडा ही कापसाची बाजारपेठ आहे. सरकी एका बाजूला आणि रुई दुसऱ्या बाजूला करण्याचे काम येथील जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे चालत आले आहे. पण रुईचा प्रत्येक तंतू ही एक स्वतंत्र पेशी असते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. फूल उमलते त्या सुमारास सरकीच्या सालीवरील काही पेशी लांब होऊ लागतात. दोन-तीन आठवडे त्या वाढतात, मग त्यांच्या आत सेल्युलोजचे थर बसतात आणि बोंड फुटल्यावर त्या वाळतात. त्यालाच आपण रुई म्हणतो. म्हणजे जिनिंगचे यंत्र रोज क्विंटलच्या हिशेबाने एका जातीच्या पेशी बीजापासून अलग करते.

प्रयोगशाळेत आणि मोठ्या इस्पितळात हेच काम माणसाच्या किंवा जनावराच्या ऊतीवर केले जाते. ऊती म्हणजे अनेक पेशींचा जुळलेला थर किंवा गोळा. कातडी, यकृत, स्नायू या ऊतीच आहेत आणि रक्तसुद्धा शास्त्राच्या भाषेत ऊतीच आहे. तिच्यातून हव्या त्या जातीच्या पेशी वेगळ्या काढाव्या लागतात. फरक एवढाच की रुईचा तंतू मेलेला असला तरी चालतो, येथे पेशी जिवंत हाती यावी लागते.

व्यापाराच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण साधे आहे. या कामाला कोटीच्या घरात जाणारी यंत्रे लागतात, म्हणून ते मुंबई-पुण्यातच होऊ शकते, असा समज सगळीकडे पसरला आहे. हा समज अर्धाच खरा आहे. त्याच्यामुळे आपल्या भागातील रुग्णाचे नुकसान होते आणि आपल्या कारागिराचेही होते. शुद्धता किती हवी हे आधी ठरवले तर खर्च बराच खाली येतो, आणि त्या स्वस्त मार्गावर लागणाऱ्या बऱ्याच वस्तू व बरेचसे हुन्नर आपल्या गल्लीत आहेत, असे आमचे मत आहे.

कापसाची प्रत आणि पेशींची प्रत

कापसाच्या व्यापाऱ्याला प्रत म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. बारीक सुताला लांब धाग्याची, स्वच्छ रुई लागते. रजई-गादी भरणारा पिंजारी मात्र आखूड धाग्याच्या रुईवर काम भागवतो आणि रजई उत्तम होते. गादीसाठी कोणी लांब धाग्याचा महाग माल घेतला तर बाजार त्याला शहाणा म्हणणार नाही.

पेशींचेही तसेच आहे. काही कामांत हजारात एखादीच भलती पेशी चालते. तेथे महाग यंत्राला पर्याय नाही. पेशीला चमकणारा रंग जोडून, एकेक पेशी तीव्र उजेडासमोरून नेऊन निवडणारे यंत्र अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या चमूने १९६० च्या दशकाअखेरीस तयार केले. ते अद्भुत आहे यात शंका नाही. पण पुष्कळ कामांत एवढ्या निवडीची गरजच नसते. जेथे मिश्रण चालते तेथे निवडीसाठी पैसे मोजणे म्हणजे गादीत लांब धाग्याची रुई भरणे होय.

स्वस्त पद्धतीने मोठे काम होत नाही असे म्हणणाऱ्यांनी जुना दाखला पाहावा. फ्रीडरिख मिशर या तरुण स्विस डॉक्टरला १८६८-६९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे पेशींचा अभ्यास करायचा होता. त्याने जवळच्या इस्पितळातून पू लागलेल्या पट्ट्या मागवल्या. त्या ग्लॉबर मिठाच्या पातळ पाण्याने धुतल्या, ते पाणी कापडातून गाळले आणि भांड्यात ठेवून पेशी तळाशी बसू दिल्या. ग्लॉबर मीठ म्हणजे रंगारी सुताला रंग चढवताना वापरतात तेच. फेकण्याचा माल, गाळण्याचे कापड आणि रंगाऱ्याचे मीठ एवढ्यावर त्याने पेशी वेगळ्या केल्या आणि त्यांच्या केंद्रातून एक नवा पदार्थ काढला. आज सारे जग त्याला डीएनए या नावाने ओळखते.

कामाच्या पायऱ्या

पेशी वेगळ्या करण्याचे काम टप्प्याटप्प्याने होते. प्रत्येक टप्पा आपल्यातील कोणत्या ना कोणत्या धंद्याला जवळचा आहे.

पहिला टप्पा ऊती सैल करण्याचा. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या धाग्यांनी बांधलेल्या असतात. ते धागे तोडायला पाचक द्रव्य लागते. कबाब करणारा उस्ताद मटणाला कच्ची पपई लावतो ती याचसाठी. पपईच्या चिकातील पपेन हे द्रव्य प्रथिने तोडते. मेंदूसारख्या नाजूक ऊतीतून पेशी सोडवण्यासाठी प्रयोगशाळा हेच पपेन शुद्ध करून वापरतात. पपई जास्त वेळ राहिली तर कबाबाचा लगदा होतो, हे उस्तादाला माहीत असते. येथेही वेळ चुकली तर पेशी मरतात. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त वापरले जाणारे द्रव्य म्हणजे ट्रिप्सिन. पेटन राऊस आणि जोन्स यांनी १९१६ मध्ये त्याच्या साहाय्याने ऊतीतून जिवंत सुट्या पेशी मिळवल्या. बाजारातील ट्रिप्सिन बहुधा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले असते. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेली द्रव्येही मिळतात. कोलॅजिनेज तर जिवाणूंपासूनच काढतात. दुकानदाराने माल मागवताना डब्यावरील उगम वाचावा आणि गिऱ्हाइकाने विचारले तर स्पष्ट सांगावे. काही ऊतींना पाचक द्रव्य थोडे आणि ईडीटीए जास्त पुरते. पेशींची पकड कॅल्शियमवर टिकलेली असते आणि ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेते. रक्त तपासणीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत असते ते हेच. ते फारसे महाग नाही.

दुसरा टप्पा चाळण्याचा. सुट्या झालेल्या पेशी आणि न सुटलेले गोळे वेगळे करायला ४०, ७० किंवा १०० मायक्रॉन छिद्रांची नायलॉनची जाळी लागते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाची लाल रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची असते. प्लॅस्टिकच्या कड्यात बसवलेली, निर्जंतुक केलेली अशी एकेक चाळणी परदेशी कंपनीकडून घेतली तर महाग पडते आणि एकदा वापरून फेकली जाते. पण स्क्रीन प्रिंटिंगवाले आणि पिठाच्या गिरणीवाले अशा बारीक विणीचे कापड रोज हाताळतात. इंचाला सुमारे दोनशे धागे असलेल्या छपाईच्या कापडाची छिद्रे धाग्याच्या जाडीप्रमाणे ७०-८० मायक्रॉनच्या आसपास येतात. असे नायलॉनचे कापड स्वच्छ धुऊन, कड्यात ताणून, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले तर शिकवणीच्या आणि प्राथमिक कामाला ते पुरते.

तिसरा टप्पा वजनाप्रमाणे वेगळे करण्याचा. ताक घुसळणाऱ्याला आणि धान्य पाखडणाऱ्याला हे तत्त्व माहीत आहे. यकृताच्या मोठ्या पेशी नळीत घालून मंद गतीने फिरवल्या तर तीन-चार मिनिटांत तळाशी बसतात आणि लहान पेशी वरच राहतात. त्यासाठी पृथ्वीच्या ओढीच्या पन्नासपट ओढ पुरते, आणि ती हाताने फिरवण्याच्या जुन्या यंत्रातही मिळते. रक्तातून पांढऱ्या पेशी काढायच्या असतील तर नॉर्वेचे आर्ने बॉयुम यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आजही चालते. साखरेपासून बनवलेल्या फायकॉल या दाट द्रवावर रक्त हळुवार सोडायचे आणि फिरवायचे. लाल पेशी खाली जातात, हव्या त्या पांढऱ्या पेशींचा पट्टा मध्ये तरंगतो.

मुलांच्या भिंगरीनेही हे काम साधते. दोन भोकांतून दोरा ओवलेली चकती दोन्ही हातांनी ओढून फिरवतात, तीच ही भिंगरी. मेरठमध्ये जन्मलेले आणि स्टॅनफर्डमध्ये शिकवणारे मनू प्रकाश यांनी २०१७ मध्ये कागदाची अशी भिंगरी जगापुढे मांडली. तिचे वजन दोन ग्रॅम, किंमत अमेरिकेतील वीस सेंट, म्हणजे त्या वेळच्या दराने चौदा रुपयांच्या आसपास. ती मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत जाते आणि दीड मिनिटात रक्तातील पाणी व पेशी वेगळ्या करते. वीज लागत नाही. आपल्याकडील भारनियमन अनुभवलेल्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

चौथा टप्पा नेमकी जात उचलण्याचा. भंगाराचा व्यापारी ढिगातून लोखंड काढायला लोहचुंबक वापरतो. पेशी तर लोखंडाची नसते. म्हणून हव्या त्या पेशीलाच चिकटेल असे प्रतिद्रव्य लोहयुक्त सूक्ष्म मण्यांवर बसवतात आणि मग नळीला चुंबक लावतात. हवी ती पेशी भिंतीला राहते, बाकीचे ओतून देतात. खर्च मण्यांचा आणि प्रतिद्रव्याचा असतो. चुंबक आणि नळ्यांचा स्टँड कोणताही चांगला फिटर करून देईल. याहून स्वस्त उपाय म्हणजे चिकटण्याच्या स्वभावाचा फायदा घेणे. काही पेशी काच किंवा प्लॅस्टिकला आपोआप चिकटतात, काही तरंगत राहतात. थोडा वेळ थांबायचे आणि न चिकटलेल्या धुऊन टाकायच्या. अस्थिमज्जेतील आधारपेशी वेगळ्या करण्याची पद्धत यावरच उभी आहे.

शेवटी पेशी जिवंत आहेत की मेल्या हे तपासावे लागते. त्यासाठी ट्रिपॅन ब्ल्यू नावाचा निळा रंग घालतात. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. हा मूळचा सुती कापडाचा रंग आहे, हे आपल्या रंगारी बांधवांनी लक्षात घ्यावे.

कोडाचा रुग्ण आणि स्वस्त पद्धत

या सर्वांचा उपयोग पाहायचा असेल तर कोडाचे उदाहरण घ्यावे. अंगावर पांढरे डाग आलेल्या माणसाच्या शरीराला फारसा त्रास नसतो. त्रास समाजाकडून होतो. मुलीच्या अंगावर डाग असेल तर तिचे लग्न अडते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, तरी दुकानात त्याच्या हातचा माल घ्यायला लोक कचरतात. कारागीर आणि दुकानदाराला याची झळ थेट रोजीवर बसते.

डाग वर्षभर वाढले नसतील आणि औषधांनी रंग येत नसेल, तर डॉक्टर पेशी-रोपणाचा मार्ग सुचवू शकतात. मांडीवरील निरोगी कातडीचा पातळ पापुद्रा घेतात. तो ट्रिप्सिनमध्ये शरीराच्या उष्णतेला, ३७ अंशावर, अर्धा ते पाऊण तास ठेवतात. सुटलेल्या पेशी फिरवून गोळा करतात आणि डागाची वरची त्वचा खरवडून तेथे पसरतात. काही आठवड्यांत रंग येऊ लागतो, पुरा यायला महिने लागतात. घेतलेल्या कातडीच्या दहापट जागा झाकता येते. फ्रान्समध्ये गोथिए यांनी १९९२ मध्ये याचा पाया घातला. स्वीडनच्या ओल्सन आणि युलिन यांनी १९९८ मध्ये ती सुधारली. पुढे डॉ. संजीव मुळेकर यांनी सौदी अरेबियात रियाध येथे ती अधिक सोपी केली आणि २००३ पासून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

येथे शुद्धतेचा मुद्दा पाहा. डागाला रंगपेशी हव्या असतात. महाग रीत म्हणजे रंगपेशी तेवढ्या निवडून प्रयोगशाळेत आठवडे-आठवडे वाढवायच्या. सोप्या रीतीत रंगपेशी आणि कातडीच्या साध्या पेशी मिश्रच पसरतात, कारण शेजारच्या साध्या पेशींच्या आधाराने रंगपेशी चांगली जगते. म्हणजे मिश्रण हा येथे दोष राहत नाही, उलट उपयोगाचा ठरतो. वाढवण्याचे आठवडे वाचतात, मोठी प्रयोगशाळा वाचते आणि काम एका दिवसात होते.

राजस्थानातील जोधपूरच्या डॉक्टरांनी तर ट्रिप्सिनही वगळले. निरोगी त्वचेवर मलम लावून ती बारीक खरवडायची, मलमात जमा झालेला पेशींचा लेप तयार केलेल्या डागावर पसरायचा. ‘जोधपूर पद्धत’ या नावाने ती ओळखली जाते. मोठे डाग झाकायला ती अपुरी पडू शकते, पण लहान डागांसाठी साध्या शस्त्रक्रिया-खोलीत होण्यासारखी आहे. येथे हेही बजावून ठेवतो की हे काम त्वचारोगाच्या डॉक्टरनेच करायचे आहे. खरवडणे ऐकून कोणी घरी प्रयोग करू नये.

आमची मागणी एवढीच आहे की जिल्हा पातळीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ही सोय नेमाने मिळावी. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. पांढरकव्ड्याच्या मजुराला यवतमाळपर्यंत जाणे जमते. मुंबईचे भाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी जमत नाही.

सिकलसेलचेही असेच आहे. आपल्या केळापूर तालुक्यात कोलाम आणि गोंड बांधवांची मोठी वस्ती आहे आणि विदर्भात हा रक्ताचा आजार जुना आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तातील काही पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा दाट असतात. २०१४ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या चमूने दाट-पातळ द्रवांचे थर असलेल्या बारीक नळीत थेंबभर रक्त फिरवून या जड पेशी तळाशी दिसतात, हे दाखवले. पक्के निदान पुढे मोठ्या तपासणीनेच करावे लागते. पण शेकडो माणसांतून कोणाला पुढे पाठवायचे एवढे ठरवायला अशा कमी खर्चाच्या चाचण्या उपयोगी आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. गावोगाव तपासणी करायची तर साधने स्वस्तच असावी लागतील.

आपल्यासाठी धंदा कोठे आहे

आता व्यापाराचे बोलू. हा काही रातोरात श्रीमंत करणारा धंदा नाही. पण मागणी खरी आहे. नागपूर येथून सुमारे दीडशे किलोमीटरवर, हैदराबादच्या महामार्गावर. तेथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, जीवशास्त्र शिकवणारी कॉलेजे तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांना शिकवणीसाठी आणि संशोधनासाठी ताजी ऊती लागते.

कुरेशी बांधवांच्या हातून बकऱ्याचे यकृत, डोळे, अंडाशय, स्वादुपिंड रोज जाते. यांतील काही भाग खाण्यात येतात, काही फेकले जातात. परवानाधारक कत्तलखान्यातून, पशुवैद्याने तपासलेल्या जनावराचा असा भाग बर्फात ठेवून ठरल्या वेळी पोहोचवला, तर प्रयोगासाठी वेगळे जनावर मारावे लागत नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गोवंशाची कत्तल बंद आहे, म्हणून व्यवहार शेळी-मेंढीपुरता ठेवावा आणि प्रत्येक खेपेची पावती ठेवावी. येथे मालाची किंमत मांसाच्या वजनावर ठरणार नाही. जनावर केव्हा कापले, भाग किती मिनिटांत बर्फात गेला आणि तो किती थंड राहिला, यावर ठरेल. ही नोंद जो खरी ठेवील त्याचेच गिऱ्हाईक टिकेल.

लेथ आणि फिटरच्या कारखान्याला नळ्यांचे स्टँड, चुंबकाचे स्टँड, ३७ अंशावर पाणी ठेवणारी टाकी, हाताने फिरवायचे यंत्र अशी कामे मिळू शकतात. फिरणाऱ्या यंत्राला मजबूत झाकण आणि समोरासमोर समान वजन हवेच. नळी फुटून उडाली तर डोळा जातो. स्क्रीनवाल्यांनी चाळणीच्या कड्या बनवून पाहाव्यात. औषध-दुकानदारांपैकी कोणी प्रयोगशाळेच्या मालाची एजन्सी घ्यावी. पेशी वाढवण्याची द्रव्ये बनवणाऱ्या हायमीडियासारख्या कंपन्या मुंबईतच आहेत आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवते. आणि मुलामुलींना केवळ दुकानाच्या गल्ल्यावर न बसवता त्यांतील एखाद्याला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा प्रयोगशाळा-तंत्रज्ञ होऊ द्यावे. हात आपल्याकडे आहेत. त्या हातांना शास्त्राची भाषा येणारा एक माणूस घरात हवा.

दोन गोष्टींपासून मात्र दूर राहावे. पहिली, माणसाच्या ऊतीचा व्यवहार. १९९४ च्या कायद्याने मानवी अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली आणि २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही त्यात आल्या. कोणी कितीही पैसा दाखवला तरी त्यात पडू नये. दुसरी, मूळपेशींच्या नावाने चालणारी दुकाने. साखर, गुडघे, लकवा सगळे बरे करतो म्हणून लाखो रुपये घेणारे भेटतात. रक्ताच्या आजारांसाठी अस्थिमज्जेचे रोपण ही मान्य चिकित्सा आहे. बाकीचे बरेचसे अजून प्रयोगाच्या अवस्थेत आहे, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीचे म्हणणे आहे. स्वस्त पद्धतीचा पुरस्कार करताना फसव्या पद्धतीला दार उघडले जाऊ नये.

काही बांधव म्हणतील, हे शिकलेल्यांचे काम, आपला काय संबंध? त्यांना एवढेच विचारावे की जिनिंगचे यंत्र आले तेव्हा ते चालवायला कोण उभे राहिले? आणि ते बंद पडले तर दुरुस्त कोण करत होते? इच्छुक व्यापाऱ्यांनी पहिले पाऊल म्हणून जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जाऊन एक प्रश्न विचारावा : तुम्हाला महिन्याला कोणता माल लागतो, तो आज कोठून येतो आणि पोहोचेपर्यंत किती पडतो? ती यादी हातात आली की त्यातील काय आपल्या बाजारात होऊ शकते, हे पांढरकवड्याच्या व्यापाऱ्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज पडणार नाही.